सराफ्याच्या अलीकडे : राजेंद्रनगर ते राऊ, कोणत्या वेळी काय खावे

इंदूरला आमच्या घरी येणारा पाहुणा चपला काढता काढताच विचारतो, "मग सराफ्याला कधी जायचं?" पुण्याचा असो, सोलापूरचा असो की ठाण्याचा, त्याने सगळे आधीच मोबाइलवर पाहिलेले असते. दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलणारे जोशी त्याला ठाऊक असतात, छप्पन दुकान या खाऊगल्लीतल्या जॉनी हॉट डॉगची रांग ठाऊक असते, आणि सोन्याचांदीची दुकाने बंद झाल्यावर त्यांच्याच पायऱ्यांपुढे रात्री खाण्याचा बाजार भरतो हेही तो मलाच समजावून सांगतो. मी त्याला सराफ्याला नेतेच, नाही म्हणण्याचे कारण नाही. पण राजेंद्रनगरात तीसेक वर्षे संसार केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की ज्याला इंदूरकर रोज काय खातात हे कळून घ्यायचे आहे, त्याने शहराच्या दक्षिणेच्या या उपनगरात एक पूर्ण दिवस, सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत, पोटाची नीट आखणी करून काढावा.

आखणी हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे, कारण इकडचे खाणे घड्याळावर चालते. सराफ्यात एकाच गल्लीत एकाच वेळी सगळे मिळते आणि म्हणूनच तिथे नवखा माणूस तासाभरात हरतो. उपनगरात तसे नाही. येथे प्रत्येक पदार्थाची एक वेळ आहे, काहींचा तर ऋतूही आहे, आणि ती वेळ चुकली की तोच गाडीवाला, तोच पदार्थ, पण चव निम्मी. त्यामुळे "कुठे खावे" या प्रश्नाचे माझे उत्तर "केव्हा खावे" याच्याशिवाय पूर्ण होत नाही. इथल्या बहुतेक गाड्यांना पाटी नसते, नाव नसते. लोक त्यांना स्टेशनकडचा, शाळेसमोरचा, पिंपळाखालचा अशाच खुणांनी ओळखतात, म्हणून मीही तसेच लिहिणार आहे.

ठिकाण कोणते, हे आधी सांगते. शहराच्या मध्यावरच्या राजवाड्यापासून सहासात किलोमीटरवर, आग्रा-मुंबई रस्त्याच्या कडेला राजेंद्रनगर आहे. ही मराठी माणसांनी गजबजलेली वसाहत आहे, इथे संकष्टीला मोदकांची चौकशी होते आणि 'सानंद' या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाची तारीख दुधवाल्यालाही माहीत असते. इंदूरहून महूकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर तिचे स्वतःचे छोटे स्टेशन आहे. जवळच चोइथराम मंडी, म्हणजे शहराला भाजी आणि फळे पुरवणारा मोठा बाजार. दुसऱ्या बाजूला अणुऊर्जा विभागाचे राजा रामण्णा केंद्र, ज्याला आम्ही अजूनही 'कॅट'च म्हणतो. तसेच पुढे गेले की राऊ लागते आणि तिथून रस्ता महू, मानपूर, धामनोद करीत महेश्वरकडे उतरतो. अहिल्याबाईंचा घाट पाहायला पहाटे निघणाऱ्या मराठी प्रवाशांच्या गाड्या याच रस्त्याने जातात आणि बहुतेक सगळ्या इंदुरात न्याहारी न करता, महामार्गावरच्या एखाद्या ढाब्यावर गार पराठे खाऊन पुढे जातात. त्यांच्यासाठी खरे तर हे लिहिणे आहे.

सकाळी सात ते नऊ ही पोह्यांची वेळ. इंदुरी पोह्यांविषयी महाराष्ट्रातल्या मंडळींचा पहिला गैरसमज असा की हे आपल्याच कांदेपोह्यांचे भाऊबंद आहेत. नातेसंबंध असेल, पण घर वेगळे आहे. आपल्याकडे पोह्यांचा जीव फोडणीत असतो: कांदा परतायचा, शेंगदाणे तळायचे, मग भिजवलेले पोहे घालून झाकण ठेवायचे. इंदुरात फोडणी नाममात्र, खरे काम वाफेचे. खाली उकळत्या पाण्याचे मोठे पातेले, त्याच्या तोंडावर पोह्यांची पसरट कढई, आणि तिच्यात हळद, मीठ, साखर, बडीशेप, धणे, हिरवी मिरची घातलेल्या पोह्यांचा पिवळा डोंगर. हा डोंगर दोनतीन तास तसाच वाफेवर बसलेला असतो, आणि म्हणून ते पोहे कोरडे पडत नाहीत, तेलकटही होत नाहीत. कांदा लागतो, पण कच्चा आणि वरून.

स्टेशनकडून वसाहतीत शिरताना जी पहिली गाडी लागते, तिच्यावरचा माणूस काम करताना एकदा पाच मिनिटे उभे राहून बघावा. डोंगराच्या वरच्या भागाला तो हात लावत नाही. झाऱ्याने तळाच्या कडेने पोहे उचलतो, कारण तिथे वाफ सर्वांत जास्त लागलेली असते, आणि उचललेल्या जागी वरचे पोहे आपोआप घसरून येतात. कागदी प्लेटीत पोहे पडले की डाव्या हाताने शेव, उजव्या हाताने बारीक कांदा, मग लिंबाची अर्धी फोड दोन बोटांत दाबून, आणि सर्वांत शेवटी भोके पाडलेल्या झाकणाच्या डब्यातून जिरावण. हे जिरावण म्हणजे जिरे, धणे, बडीशेप, आमचूर, सुंठ, हिंग, काळे मीठ, मिरची, लवंग अशा पुष्कळ जिनसांची भुकटी. प्रत्येकाचे प्रमाण वेगळे आणि प्रत्येकाचे गुपित. ते कमी पडले तर पोहे गोडसर आणि मुके लागतात, जास्त पडले तर दुसरे काहीच लागत नाही. या माणसाचा हात तीन वेळा झटकतो, चौथ्यांदा कधीच नाही. गर्दीत एखादे आजोबा दिसले तर तो "दादाजी, कम मिर्ची?" असे स्वतःहून विचारतो. वीस ते तीस रुपयांत इतकी विचारपूस मला शहरातल्या कोणत्याही मोठ्या हॉटेलात मिळालेली नाही.

दुसरी गाडी बागेच्या कोपऱ्यावर. तिचे पोहे मला अंमळ जास्त गोड वाटतात, पण तिच्यावर डाळिंबाचे दाणे आणि खारी बुंदी मिळते, आणि लहान मुलांना ती आवडते. तिसरी मंडीजवळची, हमाल आणि भाजीवाल्यांची. ती पहाटे पाचलाच पेटते. तिथले पोहे तिखट, प्लेट भरगच्च आणि आठला संपलेले. इथे आमच्या भागातला एक अलिखित नियम सांगून ठेवते: जी गाडी साडेनऊपर्यंत रिकामी होते ती चांगली. अकरा वाजताही जिच्यावर डोंगर शाबूत आहे, तिच्या वाटेला जाऊ नये, मग शेव कितीही घालून मिळो.

पोह्यांबरोबर जिलबी हवीच. हा गोड-तिखटाचा मेळ ज्याला विचित्र वाटतो, त्याने एक घास पोह्यांचा, एक तुकडा जिलबीचा, पुन्हा पोह्यांचा असे तीनदा करून पाहावे आणि मग बोलावे. माझ्या पुण्याच्या नणंदेने पहिल्या दिवशी जिलबी बाजूला ठेवून "आधी न्याहारी होऊ दे, गोड शेवटी" असे म्हटले होते, आणि तिसऱ्या दिवशी जिलबी आली नाही म्हणून गाडीवाल्याला हटकले होते. जिलबी मात्र पातळ, कढईतून नुकतीच काढलेली असावी. पाकात तासभर बसून फुगलेली नको. कढई पेटलेली दिसत नसेल तर मागवूच नये.

मराठी जिभेला सर्वांत जवळचा प्रकार म्हणजे उसळ-पोहे. वाफेवरच्या याच पोह्यांवर मोड आलेल्या कडधान्याची तिखट उसळ आणि तिचा तवंगाचा रस्सा. मिसळीची आठवण येते, तरी मिसळ नव्हे, कारण इथे पाव नाही आणि खालचे पोहे रस्सा पीत पीत मऊ होत जातात. राजेंद्रनगर, सुदामानगर, वैशालीनगर या पट्ट्यात हा पदार्थ देणारी दोनतीन छोटी उपाहारगृहे आहेत. त्यांपैकी जे शाळेसमोर आहे, तिथली उसळ मी डोळे मिटून सुचवीन. अट एकच, रस्सा वेगळ्या वाटीत मागावा. तो आधीच ओतून आणला की टेबलापर्यंत येईतो पोह्यांची खीर झालेली असते. मालक मराठी आहेत, पण बोलतात आमच्यासारखेच, अर्धे वाक्य हिंदीत: "काकू, बसा ना भिया लोकांच्या पलीकडे, पंखा तिकडे आहे."

दुपार दाल-बाफल्यांची, आणि तीही शक्यतो रविवारची. बाफले ही माळव्याची खास वस्तू आहे. राजस्थानची बाटी सरळ विस्तवावर जाते; बाफला आधी हळद घातलेल्या पाण्यात उकळतात, तो वर तरंगू लागला की काढून निथळतात, आणि मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजतात. कणीक जाडसर दळलेली असते, तिच्यात तुपाचे मोहन, ओवा, कुणी थोडे मक्याचे पीठही घालतात. भाजून तडकलेला बाफला हाताने फोडून तुपात बुडवायचा आणि त्यावर तूरडाळीचे वरण. सोबत आंबट कढी, लसणाची चटणी, आणि शेवटी त्याच जाडसर कणकेचा लाडू.

बाफला चांगला की वाईट हे खाण्याआधीच ओळखता येते. दोन्ही अंगठ्यांनी मधोमध दाबून फोडल्यावर तो रवाळ विखुरला पाहिजे, आतून पिवळसर दिसला पाहिजे आणि त्याच्या भेगेतून वाफ निघाली पाहिजे. फोडताना पावासारखा ताणला गेला तर तो नीट उकळलेला नाही. राऊकडे जाताना महामार्गापासून थोडे आत, शेताच्या कडेला, पत्र्याच्या छपराखाली बसायची एक जागा आहे. तिथे गोवऱ्यांचा ढीग समोरच रचलेला दिसतो, बाफले राखेतून काढून फडक्यात घोळवून आणले जातात, आणि वाढणारा माणूस तूप वाढताना आपल्या ताटाकडे पाहत नाही, आपल्या तोंडाकडे पाहतो. आपण थांबा म्हणेपर्यंत त्याची पळी थांबत नाही. वरण थोडे पातळ असते आणि बसायला प्लॅस्टिकच्या डुगडुगणाऱ्या खुर्च्या आहेत. उन्हाळ्यात पत्रा तापतो, म्हणून मे महिन्यात म्हाताऱ्या माणसांना तिथे नेऊ नये. एवढे दोष मान्य करूनही, दाल-बाफल्यांसाठी माझी पहिली शिफारस हीच.

याच्या अगदी उलट अनुभव मला त्याच रस्त्यावरच्या एका वातानुकूलित भोजनगृहात आला. नाव घेत नाही, कारण भांडण उकरण्याची इच्छा नाही. सोलापूरहून बहिणीचे सासू-सासरे आले होते, उन्हातून न्यायला नको म्हणून त्यांना तिथे नेले. बाफले आले ते गुळगुळीत, तांबूस, एकही भेग नसलेले, म्हणजे चक्क तळलेले. वेटरला विचारले तर तो म्हणाला, "मॅडम, ये फ्राय बाफला है, सब यही माँगते हैं." बहिणीचे सासरे मोठे समंजस गृहस्थ, त्यांनी एक बाफला संपवला आणि म्हणाले, "छान आहे, आमच्याकडच्या बालूशाहीसारखा लागतो." बिलात न मागवलेल्या पाण्याच्या बाटल्या होत्या, त्या वेगळ्या. तेव्हापासून नियम केला आहे की बसण्यापूर्वी भट्टी कुठे आहे ते विचारायचे. दाखवली तर बसायचे, उत्तर टाळले तर उठायचे.

बाफले खाऊन लगेच महेश्वरकडे गाडी हाकू नये, हे आपले जाता जाता. चालकाने लाडू घरी न्यावा.

ज्यांना दुपारी साधे जेवण हवे, त्यांच्यासाठी राजेंद्रनगरात घरगुती पोळी-भाजी देणाऱ्या कितीतरी काकू आहेत. काहींनी दाराबाहेर छोटी पाटी लावली आहे, काहींचे काम नुसत्या फोनवर चालते. गरम पोळ्या, एक पालेभाजी, एक उसळ, आमटी, भात. आदल्या दिवशी सांगितले तर थालीपीठ, अळूवडी, आणि सणावारी पुरणपोळी व कटाची आमटीही. महाराष्ट्रातल्या माणसाला यात नवे काही वाटणार नाही, पण चार दिवस बाहेरचे खाऊन पोट कंटाळलेल्या प्रवाशाला याचे मोल कळेल. एक फरक मात्र त्याच्या लगेच लक्षात येईल. शंभरदोनशे वर्षे माळव्यात राहिलेल्या मराठी घरात भाजीवर, वरणावर, पोह्यांवर, काहीच नसेल तर नुसत्या दहीभातावरही शेव येते. भौगोलिक मानांकन मिळालेली रतलामी शेव इथे मिठाच्या बरोबरीने ताटात असते. पुण्याचे पाहुणे याला हसतात आणि परत जाताना दोन किलो बांधून नेतात.

चार वाजले की साबुदाणा खिचडीच्या गाड्या लागतात. हीही वाफेवरची. आपल्या घरच्या खिचडीत तुपात जिरे तडतडतात आणि साबुदाणा परतला जातो, इथे भिजवलेला साबुदाणा वाफेवर मोकळा ठेवतात आणि मागणी आली की वाडग्यात घेऊन त्यात दाण्याचे कूट, मिरची, बटाट्याचा फराळी चिवडा, लिंबू आणि उपवासाचे जिरावण कालवून देतात. दाणा न् दाणा सुटा, पण तूप नसल्याने थोडी रुक्ष. मी स्वतः या खिचडीची मोठी चाहती नाही. उपवासाला तूप हवे, या मताची मी आहे. तरी एकादशीला या गाड्यांवर जी झुंबड उडते, ती पाहता माझे मत अल्पमतात आहे हे कबूल करते.

शिकंजीबद्दल मात्र सावध करणे भाग आहे. उन्हातून आलेला मराठी माणूस शिकंजी म्हणजे लिंबाचे सरबत समजून मागवतो. माझ्या आतेभावाने भर एप्रिलात तहानेने व्याकूळ होऊन दोन ग्लास मागवले आणि समोर आले ते आटवलेले दूध, किंचित आंबट ताक, केशर, वेलची आणि सुका मेवा घातलेले दाट, गारेगार प्रकरण. तो ग्लासाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत म्हणाला, "ताई, हे तर पातळ केलेलं श्रीखंड आहे गं." याहून नेमके वर्णन मी ऐकलेले नाही. तहान भागत नाही, पण जेवणाऐवजी चालते. अर्धा ग्लास मागवावा. कुणी नाक मुरडत नाही.

संध्याकाळी सहानंतर मुख्य रस्त्याच्या कडेने गाड्यांची रांग लागते: पाणीपुरी, आलू टिकिया, मोमो, पावभाजी, तव्यावर भाजलेल्या बनचा इंदुरी हॉट डॉग. यातले बरेचसे छप्पन दुकानची नक्कल आहे आणि नकलेइतकेच चांगले आहे. मी तिथे थांबते ती दोनच गोष्टींसाठी, आणि दोन्ही ऋतूंच्या ताब्यात आहेत.

पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस. कोवळी कणसे किसायची, हिंग-मोहरी-मिरचीच्या फोडणीवर तुपात परतायची आणि दूध घालून आटवायची. वर ओले खोबरे, कोथिंबीर, लिंबू. हे कणीस पांढरे देशी असावे लागते. आताशा वर्षभर मिळणाऱ्या पिवळ्या गोड मक्याचाच कीस सर्रास होतो आणि तो नुसता गोडमिट्ट लापशीसारखा लागतो, म्हणून श्रावण-भाद्रपद सोडून इतर वेळी कीस खाऊ नये असे मी स्पष्ट म्हणेन. पिंपळाखालच्या गाडीवरची बाई समोर कणीस किसते. परातीत पडणारा कीस दुधाळ पांढरा दिसला तर थांबावे.

हिवाळ्यात गराडू. कोनफळाच्या जातीचा हा कंद माळव्यातच इतका प्रेमाने खाल्ला जातो. थंडी पडली की चोइथराम मंडीत मातीने माखलेले, हाताच्या कोपराएवढे गराडूचे तुकडे ढिगाने येतात. सोलताना हाताला खाज सुटते, म्हणून गाडीवाले आधी तळहाताला तेल चोळतात. फोडी करून एकदा मंद आचेवर तळून बाजूला काढतात, गिऱ्हाईक आले की पुन्हा कडकडीत तेलात सोडतात, आणि बाहेर काढल्यावर जिरावण व लिंबू मारून देतात. वरून खडखडीत कुरकुरीत आणि आत रताळ्यापेक्षा मऊ, बटाट्यापेक्षा घट्ट असे काहीतरी. दुसरे तळणे आपल्यासमोर झाले नाही तर पैसे देऊ नयेत. आधीच दोनदा तळून ठेवलेली फोड दगड होते. डिसेंबरच्या रात्री नाटकाहून परतताना, कानाला मफलर गुंडाळून, हातात गरम द्रोण घेऊन उभे राहण्यासाठी मी सराफासुद्धा सोडीन.

बसून जेवायच्या जागांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. राऊच्या चौकापुढे रोषणाई, कारंजी आणि हिरवळ असलेली मोठी रेस्टॉरंटे उभी राहिली आहेत. वाढदिवस आणि साखरपुडे तिथे होतात. पनीरच्या भाज्या सर्वत्र एकाच चवीच्या, रोट्या बऱ्या, गाडी लावायला जागा प्रशस्त. लहान मुले हिरवळीवर पळतात आणि मोठ्यांना निवांत बोलता येते, यासाठी जावे, जिभेसाठी नाही. त्यांच्यापैकी काहींच्या यादीत 'महाराष्ट्रीयन थाळी' असते. मी दोन ठिकाणी मागवून पाहिली. एकीकडे झुणका म्हणून बेसनाचा गोळा आला, दुसरीकडे पुरणपोळीवर चेरी होती.

स्वच्छतेचा प्रश्न पाहुणे दबक्या आवाजात विचारतात, म्हणून त्याचे उत्तर देते. 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर वर्षानुवर्षे पहिले आले, ते नुसते फलकांवर नाही, ते गाड्यांवरही दिसते. प्रत्येक गाडीजवळ ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे दोन डबे असतात आणि चुकीच्या डब्यात प्लेट टाकली तर शेजारी उभा असलेला अनोळखी माणूस टोकतो. हॉटेलांतले उरलेसुरलेही या ओल्या कचऱ्यातच जाते, आणि देवगुराडियाच्या प्रकल्पात, जो 2022 मध्ये रोज 550 टन ओल्या कचऱ्यापासून वायू तयार करण्याच्या क्षमतेने सुरू झाला, त्याचे बससाठी इंधन होते. तरीही उघड्या गाडीवर पावसाळ्यात पाणीपुरी खावी का, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी खात नाही. वाफेवरचे आणि तळलेले बिनधास्त खाते.

सकाळची लोकल धरून महूला जाणाऱ्यांसाठी दोन ओळी. 1818 च्या मंदसौर तहानंतर वसलेली ही छावणी आज कागदोपत्री डॉ. आंबेडकर नगर आहे आणि बाबासाहेबांच्या जन्मस्थळी महाराष्ट्रातून वर्षभर लोक येत असतात. 14 एप्रिलच्या आसपास तिथे इतकी गर्दी असते की निवांत बसून खाण्याची आशा धरू नये. त्या दिवसांत राजेंद्रनगरला किंवा राऊला न्याहारी उरकून पुढे जावे. एरवी मुख्य बाजारातल्या जुन्या बेकऱ्यांतून नानकटाई आणि खारी घ्यावी, चहाबरोबर खारीचा चुरा बशीत पाडत बसावे.

आणि सराफा? तिथे जावेच, पण उपाशी जाऊ नये. घरी हलके जेवून रात्री दहानंतर पोहोचावे, चौघांत एक प्लेट घ्यावी, जोशींच्या दहीवड्याचे उडणे पाहावे आणि चिमटीतले मसाले एका हाताने एकेक वेगळे सोडण्याची त्यांची करामतही. मालपुवा वाटून खावा. पोहे मात्र तिथे खाऊ नयेत. रात्री अकराला पोहे खाणारा माणूस इंदूरचा नसतो.

महेश्वरला निघणाऱ्यांनी सव्वासातला राजेंद्रनगर स्टेशनकडच्या गाडीशी पोहोचावे, गाडी बागेच्या बाजूला लावावी, म्हणजे रस्ता अडत नाही. सुटे पैसे नसले तरी चालते, पोह्यांच्या कढईला टेकवूनच मोबाइलवरून पैसे देण्याचा कोड असलेला पुठ्ठा ठेवलेला असतो, फक्त वाफेने तो ओला होतो आणि फडक्याने पुसून घ्यावा लागतो. सोमवारी ही गाडी लागत नाही. त्या दिवशी बागेकडची गोड पोह्यांची चालवून घ्यावी आणि "मीठा कम" असे आधीच सांगावे.